आराखड्यातील रिकामी जागा

मनुष्य जे काही उभारतो त्याचा आरंभ बहुधा कागदावरील रेघांनी होतो. घर, धरण, कारखाना यांच्या आराखड्यांना नीतीचे नियम लागू होतात, हे कोणीही मान्य करील. कारण त्यांत इतरांचा पैसा, इतरांचे श्रम आणि पुष्कळदा इतरांचे जीवन गुंतलेले असते. परंतु मनुष्य जे निव्वळ हौसेखातर रचतो, ज्यापासून कोणाला भाकर मिळत नाही की निवारा मिळत नाही, त्याच्या आराखड्यालाही नीतीची काही कसोटी असते काय? प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न एका लहानशा वस्तूच्या आधारे वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ती वस्तू म्हणजे घरातील एखाद्या खोलीत रूळ, सांधे, सिग्नल, स्थानके, बोगदे आणि पूल यांसह मांडली जाणारी छोटी आगगाडी.

विषय ऐकून काही वाचक स्मित करतील. खेळण्याला तत्त्वज्ञान कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ही हौस केवळ मुलांची नाही. युरोप-अमेरिकेत अनेक प्रौढ माणसे आयुष्याची वीस-वीस, तीस-तीस वर्षे अशा एका मांडणीवर खर्च करतात. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्ट यांनी आपल्या घरात उभारलेले एक संपूर्ण अमेरिकन शहर आणि त्यातील रेल्वे २०१९ साली लोकांपुढे आली, तेव्हा तिच्यामागे दोन दशकांहून अधिक काळाचे काम होते. आपल्याकडे पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी जन्मभर जोपासलेल्या या छंदातून एक लघुरेल्वे संग्रहालय उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मुलांनी शाळेच्या सहलीत ते पाहिले असेल.

या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. जर्मनीतील मार्क्लिन या खेळणी बनविणाऱ्या घराण्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. तोपर्यंतची खेळण्यातली आगगाडी एकदा विकत घेतली की संपत असे. आता मात्र दरवर्षी नाताळला दोन रूळ, एक सांधा, एक डबा अशी भर घालता येऊ लागली. खेळणे वाढू लागले आणि वाढणाऱ्या वस्तूला आराखडा लागतो. योगायोग असा की, त्याच १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि श्रमिकाला विश्रांतीचा हक्क आहे, असे जगाला निक्षून सांगितले. मनुष्याला कामातून मोकळा वेळ मिळावा, हे पोपमहाशयांनी सांगितले. तो वेळ त्याने कसा घालवावा, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तो आजही सुटलेला नाही.

धर्मगुरूने अशा विषयात लक्ष का घालावे, असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगू की, या छंदाच्या इतिहासात पाळकांचे स्थान मोठे आहे. इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथाच्या पाळकांनी तो विशेष जोपासला. आगगाड्यांच्या बालकथांमुळे जगभर ठाऊक झालेले रेव्हरंड ऑड्री (१९११-१९९७) हे स्वतः छोट्या रेल्वेची मांडणी करीत व प्रदर्शनांत नेत. लेस्टरशायरमधील केडबी गावचे पाळक रेव्हरंड टेडी बॉस्टन यांच्या अंगणात माणसे बसू शकतील अशी अरुंद रुळांची खरी गाडी धावत असे. रेव्हरंड पीटर डेनी (१९१७-२००९) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आरंभिलेली ‘बकिंगहॅम’ नावाची रेल्वे तर त्या देशातील छंदप्रेमींचे तीर्थस्थान ठरली. बदली झाली, घर बदलले की ती नव्या खोलीच्या मापाने पुन्हा मांडावी लागे. ज्याची बदली होते त्या पाळकाला खोली कधीच स्वतःची नसते, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो.

प्रथम खेळ म्हणजे पाप की पुण्य, हे पाहू. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली आहे. तेथे त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगितली आहे. आपल्या शिष्यांसह खेळताना योहानाला पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा त्याने त्यांच्यातील एका धनुर्धराला बाणांमागून बाण सोडावयास लावले आणि असे अखंड करता येईल काय, म्हणून विचारले. धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनुष्याच्या मनाचेही तसेच आहे, एवढेच योहानाने सुचविले. संत थॉमस यापुढेही जातात. खेळाचा अतिरेक हा दोष आहेच. परंतु स्वतः कधीच न खेळणे आणि इतरांच्या आनंदात विरजण घालणे हाही दोष आहे, असे ते म्हणतात. खेळाला ते तीन अटी घालतात. तो अशोभनीय किंवा अपायकारक नसावा, त्याने मनाचा तोल पूर्णपणे जाऊ नये आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ यांना साजेसा असावा. छोट्या रेल्वेच्या आराखड्याचा सारा प्रश्न या तिसऱ्या अटीत आहे.

आता प्रत्यक्ष आराखड्याकडे वळू. या विषयात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो ते अमेरिकेतील जॉन आर्मस्ट्राँग (१९२०-२००४) हे व्यवसायाने अभियंता होते. रुळांचे आराखडे कसे आखावेत, यावरील त्यांचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. पेन्सिल हाती धरण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात, अशी त्यांची शिकवण होती. पहिल्या यादीत जे मुळातच ठरलेले आहे ते लिहावे. खोलीची लांबी-रुंदी, दार कोठे उघडते, खिडकी कोठे आहे, खिशात किती पैसे आहेत, हातात किती वेळ आहे आणि घरात आणखी कोण राहते, ते सारे त्या यादीत येते. दुसऱ्या यादीत आपल्याला जे हवेसे वाटते ते लिहावे: घाट, मोठे स्थानक, लांब गाडी, बंदर, यार्ड. भूमितीच्या भाषेत बोलायचे तर पहिली यादी ‘दत्त’ आणि दुसरी ‘इष्ट’. दत्ताशी प्रामाणिक राहून इष्टातील किती पदरात पडते, हे शोधणे म्हणजेच आराखडा.

दत्त किती कठोर असते हे गणिताने कळते. सर्वांत प्रचलित प्रमाण एकास सत्त्याऐंशीचे आहे. त्यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. त्यास ८७ ने भागले तर जवळजवळ ६९० मीटर उरतात. एवढी लांब खोली कोणाच्या घरी असणार? बारा डब्यांची एक लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. या प्रमाणात ती जवळजवळ तीन मीटर होते, म्हणजे दहा फुटांची एक भिंत एकट्या गाडीनेच भरते. वळणाचे पाहा. बाजारात मिळणारे नेहमीचे वळण १८ इंच त्रिज्येचे असते. खऱ्या जगात त्याची त्रिज्या ४० मीटर भरेल आणि मुख्य मार्गावरील कोणतीही गाडी तेथून वळू शकणार नाही. तरीही एवढ्या तीव्र वळणाने गाडी माघारी फिरवायची, तर साडेतीन फूट रुंदीचा ओटा लागतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर तीन इंच उंची गाठावी लागते. शंभराला तीन या चढाने त्यासाठी आठ फुटांहून अधिक लांबी खर्ची पडते. बोरघाटातील एकास सदतीसचा चढ याहून थोडा सौम्य आहे, यावरून वाचकांना कल्पना येईल.

यास्तव कोणतीही छोटी रेल्वे म्हणजे निवड असते. साठ किलोमीटरांतून एक स्थानक, बारा डब्यांतून तीन डबे, शंभर घरांतून चार घरे निवडावी लागतात. जे सोडले त्याचे दुःख न करता जे निवडले त्याला त्याचे सत्य द्यावे लागते. आम्हांस वाटते, येथपर्यंत हा छंद मनुष्याला चांगलेच शिकवतो. मर्यादा ही शिक्षा आहे, असे मानणाऱ्या काळात मर्यादेतूनच रूप जन्मते, हे तो डोळ्यांना दाखवतो.

परंतु याच ठिकाणी पहिला मोह दबा धरून बसलेला असतो. नवशिका मनुष्य खोलीचे माप घेतो आणि सारी खोली रुळांनी भरून टाकतो. कागदावर ते सुंदर दिसते. मग आर्मस्ट्राँगसारखा जाणता माणूस एकच प्रश्न विचारतो, “तुम्ही स्वतः उभे कोठे राहणार?” उभ्या माणसाचा हात सोयीने सुमारे ७५ सेंटिमीटर आत पोहोचतो, त्यापलीकडे गाडी घसरली तर ती उचलता येत नाही. एका माणसाला वावरायला किमान ६० सेंटिमीटरची वाट लागते. दोघांना एकमेकांजवळून जायचे तर त्याहून अधिक. चार बाय आठ फुटांची प्लायवूडची एक फळी दिसायला लहान; पण तिच्या चहूबाजूंनी अडीच फूट मोकळे सोडले, तर ती नऊ बाय तेरा फुटांची खोली अडवते. उलट दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भिंतींलगत केवळ दीड फूट रुंदीची फळी फिरवली, तर मध्ये सात बाय नऊ फुटांची जागा मोकळी राहते आणि रूळही लांब मिळतात. चांगला आराखडा माणसाची वाट प्रथम आखतो आणि रूळ नंतर. आमच्या मते या छंदाचे सारे नीतिशास्त्र या क्रमात आहे.

यशया संदेष्ट्याने घराला घर आणि शेताला शेत जोडत जाऊन कोणासाठी जागाच न ठेवणाऱ्यांचा धिक्कार केला आहे. हे वचन आपण जमिनीच्या व्यवहारांविषयी वाचतो आणि वसईच्या वाड्यांत, जेथे विहिरींवर रहाट फिरत होते तेथे इमारतीला इमारत भिडलेली पाहून त्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगावा लागत नाही. परंतु ही वृत्ती एकराने मोजली जात नाही. ती दहा बाय बाराच्या खोलीतही पूर्णपणे मावते.

आमच्या धर्मग्रामातील एक उदाहरण येथे देणे उचित होईल. एक सद्‌गृहस्थ तेहतीस वर्षे लोकल गाडीचे मोटरमन होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी पत्नी निवर्तली. परदेशी असलेल्या मुलाने त्यांना छोट्या रेल्वेचा एक संच पाठविला आणि वृद्ध मनुष्यात जणू प्राण आला. घरातील मागची खोली दहा बाय बाराची. त्यांनी चारही भिंतींलगत फिरणारा मार्ग आखला. मार्ग पूर्ण व्हावा म्हणून दारासमोरूनही एक फळी नेली. त्या खोलीत नातवाचा अभ्यास चालत असे आणि घराची शिलाई मशीनही तेथेच होती. सूनबाईंनी सासऱ्यांना कधी उलट उत्तर दिले नव्हते. यावेळी त्या एवढेच म्हणाल्या, “पप्पा, मी दिवसातून दहा वेळा या फळीखालून वाकून जायचं का?” घरात अबोला आला. सद्‌गृहस्थ आराखड्याची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, “फादर, तुम्हीच सांगा. आयुष्यभर मी कोणाकडे काही मागितलं नाही. या वयात एक खोली मागितली तर ते पाप आहे का?”

वाचकहो, हा प्रश्न हलका नाही. एका बाजूला वृद्धाचे एकाकीपण आहे. निवृत्त माणसाच्या हाताला काम नसणे ही केवढी व्यथा असते, हे घरोघरी भेटी देणाऱ्या धर्मगुरूला ठाऊक असते. “या वयात खेळ कसले?” असे म्हणणारे लोक संत थॉमस यांनी सांगितलेला दुसरा दोष करीत असतात. दुसऱ्या बाजूला एका स्त्रीची पाठ आहे. हौस करणारा मनुष्य आठवड्यातून दोन-तीन वेळा त्या फळीखालून जाणार. जिला हौस नाही ती रोज दहा वेळा वाकणार. आमच्या मते आराखड्याची नैतिक परीक्षा करण्यासाठी याहून साधी कसोटी नाही: या रचनेत वाकावे कोणाला लागते? ज्याने ती रचली त्याला, की ज्याला विचारलेच नाही त्याला? मोठमोठ्या योजनांना, धरणांना, महामार्गांनाही हीच कसोटी लावता येईल.

आम्ही त्यांना पाप-पुण्याचा निवाडा दिला नाही. आराखडा सूनबाई आणि नातू यांच्यासोबत एका टेबलावर बसून पुन्हा आखावा, एवढे सुचविले. त्यांना ते प्रथम रुचले नाही. कारण त्यात बरेच सोडावे लागणार होते. गोल मार्ग गेला. बारा डब्यांची लोकल गेली. उरली ती दोन भिंतींलगतची काटकोनी फळी, छातीच्या उंचीवर, खाली नातवाचे टेबल आणि शिलाई मशीन आहे तेथेच. त्यांनी वसई-दिवा मार्गावरील कामण रोडसारखे एक लहान स्थानक निवडले आणि डबे पुठ्ठ्याचे केले. काही महिन्यांनी ते भेटले तेव्हा म्हणाले, “फादर, तेहतीस वर्षं मी गाडी या टोकाहून त्या टोकाला नेली, परत आणली. गोल कधीच फिरवली नव्हती. मग घरात गोल कशाला फिरवायची होती मला?” लांब लोकल मात्र त्यांना अजूनही आठवते आणि ती नसल्याची हळहळ त्यांच्या बोलण्यात अधूनमधून येते. त्याग केल्यावर काहीच दुखत नाही, असे सांगणारे उपदेशक खरे बोलत नसतात.

खर्चाचाही विचार येथेच केला पाहिजे. इंजिने, रूळ, विद्युत साहित्य यांना मोल पडते. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून लोकांच्या हसण्याला पात्र होतो. या दाखल्यात शिष्यत्वाची गोष्ट सांगितली आहे, हे खरे. परंतु प्रभूने उपमा म्हणून जो व्यवहार घेतला तो व्यवहार म्हणूनही शहाणपणाचा आहे. हिशेबाच्या यादीत एक ओळ गरिबांचीही असावी. हौसेचा पैसा कोणाच्या वाट्यातून आला, हे ज्याला सांगता येते त्याने मनमोकळेपणाने खेळावे. याच्या उलट दुसरीही एक माणसे असतात. ती वर्षानुवर्षे फक्त आराखडेच काढतात, कारण कागदावरील रेल्वे कधी घसरत नाही. प्रार्थना करण्याचे, समेट करण्याचे, आजाऱ्याला भेटण्याचे बेत आखून ते वहीतच ठेवणाऱ्यांची आठवण येथे आम्हांस होते.

आता या छंदातील सर्वांत सूक्ष्म मोहाकडे येऊ. छोट्या जगाचा रचनाकार त्या जगाचा स्वामी असतो. तो म्हणेल तेव्हा रात्र होते, तो म्हणेल तेथे डोंगर उभा राहतो. स्थानकावरची इवली माणसे त्याला उलट उत्तर देत नाहीत. ज्याला घरात, कचेरीत कोणी विचारीत नाही, त्याला हे राज्य गोड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याला देवासारखे होणे म्हणता येईल काय? पूर्वी या गाड्यांत वेगाचे नियंत्रण रुळांतील विजेवरच असे. प्रवाह वाढविला की त्या भागातील सारी इंजिने एकदम धावत. १९९० च्या दशकात जी नवी पद्धत प्रमाण झाली तीत रुळांत वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक देऊन वेगळे बोलावता येते. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे वचन येथे कोणालाही आठवेल. तरीही भेद उरतोच. इंजिन हाकेला नकार देऊ शकत नाही. परमेश्वराने मात्र नकार देऊ शकणारी लेकरे निर्माण केली आणि आपल्या सृष्टीच्या आराखड्यात त्यांच्या ‘नाही’साठीही जागा ठेवली. जो रचनाकार दुसऱ्याच्या इच्छेला जागा ठेवत नाही, तो देवासारखा होत नाही. तो केवळ एकटा पडतो.

या छंदातील थोर माणसांना हे उमगलेले दिसते. रेव्हरंड डेनी यांच्या रेल्वेत दोन स्थानकांवर दोन माणसे लागत. एकाने घंटेचा संकेत द्यायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, तेव्हा गाडी सुटायची. त्यांचा मुलगा दुसरे स्थानक सांभाळी. तो घरी नसे तेव्हा अडचण होई, म्हणून डेनी यांनी त्याच्या जागी घंटेला उत्तर देणारे एक यंत्र तयार केले आणि त्या यंत्राला मुलाचेच नाव दिले. त्यात विनोद आहे, तशीच एका पित्याची उणीवही आहे. कॅनडात जन्मलेले गायक नील यंग यांचा मुलगा मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतः विकलांग. त्याला हातातले नेहमीचे नियंत्रक चालवता येत नसत. पित्याने त्याला दाबता येईल असे मोठ्या बटणाचे नियंत्रक तयार केले, या कामात खोल शिरून पुढे १९९५ साली लायोनेल ही जुनी अमेरिकन खेळरेल्वे कंपनी विकत घेणाऱ्या गटातही ते सामील झाले. त्यांच्या आराखड्यात पहिली नोंद खोलीच्या मापाची नव्हती; ती मुलाच्या हाताची होती. ‘दत्त’ या शब्दाचा अर्थ ‘दिलेले’ असाही होतो. जे आपल्याला अडचण वाटते ते कधी कधी देणगी म्हणून दिलेले असते, हे त्या घरी कळले असावे.

आणि ही सारी रचना नाशवंत आहे, हेही विसरता कामा नये. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन (१९१३-१९७३) या छायाचित्रकाराने आपल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत पर्वत उभारून एक विलक्षण रेल्वे रचली. इंजिनांवर काजळी, भिंतींवर ओल, लाकडावर जीर्णता दाखवून छोट्या जगाला वय देण्याची कला त्यांनीच लोकप्रिय केली. रेल्वेचे नावही त्यांनी थट्टेने असे ठेवले होते की, उच्चारताना ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू यावे. ६ जानेवारी १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत घराला आग लागली आणि ती रेल्वे जवळजवळ सारी जळून गेली. उपदेशकाचा ग्रंथ वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण एक गोष्ट उरली. अ‍ॅलन एकटे खेळत नसत; मित्रांचा मेळा जमवून, प्रत्येकाला काम वाटून देऊन ते गाड्या चालवीत. त्या मित्रांनी आणि त्यांच्या लेखांच्या वाचकांनी ती कला पुढे नेली. आगीत सापडले ते लाकूड आणि प्लास्टर होते. ज्या वाटांवर ते मित्र उभे राहत, त्या वाटा आराखड्यात ठेवल्या नसत्या तर मागे काहीच उरले नसते.

यातून आपल्या घरांनी काय घ्यावे? आपल्यापैकी फार थोडे लोक छोटी रेल्वे मांडतील. परंतु आराखडे आपण सर्वच काढतो. आईवडील मुलाच्या दिवसाचा आराखडा काढतात: शाळा, शिकवणी, संगीत, संगणक, धर्मशिक्षण, आणि मुलाने स्वतः कोठे उभे राहावे, याला जागा नसते. धर्मग्रामाची मंडळे वर्षाचा आराखडा काढतात. कार्यक्रमाला कार्यक्रम भिडतो आणि दुःखी माणसाने दोन शब्द बोलावेत एवढी फट उरत नाही. मुलगा नवे घर बांधतो आणि वृद्ध आईची खाट कोठे बसेल, हे स्लॅब पडल्यावर आठवते. या साऱ्यांत दुष्टावा नसतो. आधी रूळ आखले आणि वाट नंतर शोधली, एवढीच चूक असते. पण तिची किंमत दुसरा कोणी रोज वाकून भरत असतो.

खरे पाहता आपल्या समाजाला या कलेची ओळख फार जुनी आहे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी नाताळचा गोठा साकारला. त्याला २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. आजही डिसेंबर लागला की आपले तरुण पुठ्ठे, गोणपाट, भुसा, माती जमवतात, डोंगर करतात, झरे वाहवतात, दिवे लावतात. कोठे कोठे डोंगराच्या पोटातून छोटी आगगाडीही जाते. बेथलेहेमात आगगाडी कोठून आली, असे आम्ही कधी विचारीत नाही. बाळे ती पाहून टाळ्या पिटतात, ते पुरेसे आहे. परंतु गोठ्याचा आराखडा कोणीही काढो, तो एका रिकाम्या जागेभोवती काढावा लागतो. डोंगर उभे राहतात, मेंढपाळ येतात, तारा लागतो, आणि मध्यभागी गव्हाण मात्र चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. त्या रात्री धर्मशाळेत ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांच्यासाठी आपण ती राखून ठेवतो. यंदा गोठा रचताना घरातील सर्वांनी मिळून तो रचावा. गव्हाणीपाशी हात टेकता येईल एवढी वाट घरातील सर्वांत लहान मुलासाठी आणि सर्वांत वृद्ध माणसासाठी मोकळी आहे ना, हे पाहूनच मग डोंगराला हात घालावा.